जुळलेलं हाड पुन्हा मोडताना

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. माय-बाबा वीटभट्टीवर जायचे, कधी परभणीकडे, कधी पार नाशिकच्या बाजूला. उन्हाळा सरता सरता परत यायचे तेव्हा दोघांचे तळहात विटेसारखेच झालेले असायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ गजानन तेवढे महिने आत्याकडे राहायचो. आत्याचं घर आमच्याच वाडीत, चार घरं सोडून. तिला स्वतःची लेकरं पाच, त्यात आम्ही दोघं. भाकरी पुरायची, पण पांघरूण पुरायचं नाही.

अशा घरातून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी मुद्दाम सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला एका खाजगी शाळेत शिकवायला लागले, गजानन मालवाहू ॲटो चालवायला लागला, आणि त्या वर्षी माय-बाबा पहिल्यांदाच भट्टीवर गेले नाहीत. आमच्या कोरडवाहू तुकड्यात कापूस बरा झाला होता. तो वेचून घरात आणला आणि लॉकडाऊन लागला. कारंजाचा बाजार बंद, खरेदी बंद. कापूस घरातच राहिला. पत्र्याला टेकेल एवढा ढीग. त्याच ढिगाच्या पायथ्याशी आम्ही जेवायचो, तिथंच झोपायचो, आणि सारेजण अंग खाजवत उठायचो.

ज्यांचं हाड मोडलं आहे, ज्यांच्या घरी कोणाचं मोडलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते. डॉक्टरी मला कळत नाही. जे अंगावर आलं तेवढंच सांगते.

पत्रा

एप्रिलची दुपार होती. एकदम आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि आमच्या घराचा एक पत्रा उचलायला लागला. त्याच्यावरचे दगड घरंगळले. खाली सगळा कापूस. बाबा वावरात, गजानन भाजीचा ॲटो घेऊन गेलेला. माय म्हणाली, "राहू दे वं, पडशीन." मी तोवर शिडीवर चढलेही होते. पत्र्यावर बसून एक दगड सरकवला, दुसरा सरकवला. मग पत्रा माझ्यासकट हलला.

पडल्याचं आठवत नाही. आठवतो तो पाय. उजवी नडगी मधूनच वाकली होती. जिथं सांधा नसतो तिथं पाय वाकलेला पाहणं काय असतं, हे ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. मी ओरडले नाही. मायनेच एवढा हंबरडा फोडला की माझ्यासाठी ओरडायला काही शिल्लक राहिलं नाही.

बाबा धावत आले. त्यांनी कुडाच्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, उपटल्या, पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि माझ्याच ओढणीने करकचून बांधल्या. गाठ पक्की मारली. तोवर गजानन आला. ॲटोत खाली पोत्यांवर गोधडी टाकून मला त्यावर ठेवलं आणि निघालो, तर वाडीच्या तोंडाशी रस्ता बंद. बाभळीच्या काट्या, त्याच्यामागे आडवी बैलगाडी, आणि गाडीवर बसलेली आमचीच पोरं.

"कुठी नेता?" एकाने विचारलं.

"दवाखान्यात. पाय तुटला पोट्टीचा."

"दवाखान्यातच तं कोरोना हाय ना काका. गावात आनान तुमी."

बाबा आयुष्यात कोणावर आवाज चढवणारे नाहीत. त्या दिवशी चढवला. "तिचा पाय पाह्य आंधी! पाह्य! मंग सांग मले कोरोना!"

पोराने माझ्या पायाकडे पाहिलं आणि मान फिरवली. गाडी बाजूला झाली. पण जाताना मागून ऐकू आलंच, "वापस आले तं घराच्या भाईर निंगाचं नाई, सांगून ठेवतो."

वाटेत दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं. दोन्ही वेळा गोधडी बाजूला करून पाय दाखवावा लागला. त्या दिवसांत तोच आमचा पास.

प्लास्टर

दवाखान्यात डॉक्टरांनी तुराट्या सोडल्या आणि विचारलं, "कोणी बांधलं?" बाबांनी घाबरत हात वर केला. "चांगलं बांधलं," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसातलं तेवढंच एक बरं वाक्य.

ते म्हणाले, हाड मोडलंय पण रेषेत बसवता येतं. एरवी रॉड टाकला असता, पण भूल देणारे डॉक्टर येऊ शकत नाहीत, ऑपरेशन सध्या जिवावर बेतलेल्यांचीच होतात. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. खाट अडवून ठेवायची सोय नव्हती. निघताना बजावलं, "आठवड्याने या. एक्स-रेचा फोटो काढू. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं, ते बदलावं लागतं."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. बी.ए. आहे मी. पण तो आठवडा उलटायच्या आत पुण्याहून आलेला आमच्या वाडीतला एक माणूस पॉझिटिव्ह निघाला आणि आख्खी वाडी सील झाली. गजाननने मला ॲटोत घालून न्यायचा प्रयत्न केला, तर चौकीवरून परत पाठवलं. दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर स्वतःच क्वारंटाइन झाले होते. फोनवरची बाई म्हणाली, "मोकळं झालं की या." मोकळं काही होईना.

सूज उतरली. पाय प्लास्टरच्या आत हलायला लागला, सुक्या शेंगेत दाणा हलतो तसा. कुशीवर वळले की आतून हाड सरकल्यासारखं वाटायचं आणि डोळ्यांपुढे काळोख यायचा. बाज विणलेली, मधून झोळ पडलेली. पाय त्या झोळात पडून राहायचा.

मायने चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी ती ढिगाजवळ गेली, दोन मुठी कापूस घेतला आणि माझ्या मांडीपाशी बसून प्लास्टरच्या फटीतून काडीने आत सारायला लागली.

"काय करून राह्यली वं माय?"

"खाली जागा हाय ना त्याच्यात. भरून टाकतो. हालनार नाई मंग."

आणि खरंच, पाय हलायचा थांबला. मला हायसं वाटलं. आत्या येऊन पाहून गेली, तीही म्हणाली, "अक्कल केली तुनं, वहिनी." मग पुढचे दिवस फट दिसली की माय कापूस भरायची. गादी भरतात तसा माझा पाय भरला. कापसाने आतून जी खाज सुटायची ती सांगता येत नाही. झाडूची काडी घालून खाजवताना मी रडायचे आणि रडताना हसायचे, कारण समोर पत्र्यापर्यंत तोच कापूस उभा होता.

घरचा, एक नंबरचा

जूनमध्ये रस्ते उघडले. डॉक्टरांनी करवतीने प्लास्टर कापलं. झाकण उघडावं तसं ते उघडलं आणि आतून कापूस बाहेर आला. डॉक्टर चिमट्याने ओढत राहिले. सरकीसकट कापूस. ट्रे भरला.

"हे आमचं नाही," ते म्हणाले.

"आमचा हाय," माय अभिमानाने म्हणाली. "घरचा. एक नंबरचा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोटो काढायला पाठवलं आणि मग तो उजेडाच्या काचेवर धरून दाखवला. फोटो वाचायला डिग्री लागत नाही. नडगीचं हाड जुळलं होतं, पण बाकदार, कोयत्यासारखं. सैल प्लास्टरच्या आत सरकलं, आणि कापसाने त्याला सरकलेल्या जागीच धरून ठेवलं. खाटेवरून उतरून उभी राहिले तेव्हा पाऊल बाहेर वळलेलं होतं आणि टाच धड टेकत नव्हती.

मायला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती पुढे झाली. तो ट्रेमधला कापूस उचलून तिने पदरात घेतला, जणू कोणी पाहायच्या आत लपवावा. मी म्हणाले, "माय, तू नसता भरला तरी वाकडंच झालं असतं. बदलायला नेता आलं नाही, म्हणून झालं." ते खरंही होतं. पण ती आजही त्या गोष्टीवर बोलत नाही.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. असंच राहू द्या, लंगडत चालता येईल, पण गुडघा आणि घोटा लवकर झिजेल. किंवा जुळलेलं हाड पुन्हा मोडायचं, सरळ करायचं आणि आत रॉड घालायचा. "पण आत्ता नाही. अशी ऑपरेशनं सध्या बंद आहेत. तोवर ठरवा."

मी तिथंच ठरवलं होतं.

पाहुणे

घरात मात्र कोणाचं ठरत नव्हतं. बाबा एकच वाक्य धरून बसले. "जुळलेलं हाड कोनी मोडते काय? बैलाचा पाय जुळला का त्याले जुपतात. वाकडा असला तरी जुपतात."

"मी बैल नोहो, बाबा."

"तसं नाई म्हनत मी. आपरेशनात काई झालं तं? दवाखान्यात गेलेलं मानूस प्लास्टिकात गुंडाळून येऊन राह्यलं. तोंड पाहू देत नाईत."

आत्याचा विचार वेगळा होता. तिने मला वाढवलं, त्यामुळे माझ्या लग्नावर तिचा हक्क. तिने एक स्थळ आणलं. आमच्याकडे मुलगी पाहायला आले की उठून चालून दाखवायला सांगतात. आत्याने त्याचाही बंदोबस्त केला. "सतरंजीवर बसवून ठेवू. पोहे माही पोरगी देईन. पातळाखाली काई दिसत नाई."

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, एक मामा. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, हनुवटीवर उतरवलेले. मी सतरंजीवर बसून. नाव झालं, शिक्षण झालं. मग मुलाची आई म्हणाली, "उठ वं बाई, पानी आन जरासं."

आत्याची पोरगी उठायला लागली. ती बाई म्हणाली, "तू नाई. तिले आनू दे."

बाबा घाईघाईने म्हणाले, "तिच्या पायात काटा गेला."

बाबा कधी खोटं बोलत नाहीत. बोलले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला तो पाहवेना. मी भिंतीला हात देऊन उठले. माठापर्यंत गेले, तांब्या भरला, परत आले. पाऊल बाहेर टाकत, कंबर हलवत. पाणी सांडलं नाही. तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "काटा नाही गेला. हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. मी ते मोडून सरळ करून घेणार आहे."

मामाने घड्याळ पाहिलं. पोहे अर्धे ठेवून ते गेले.

आत्या माझ्यावर तुटून पडली. "पोट्टे, एवढं शिकली तं तोंड कवा बंद ठेवाचं थे नाई शिकली!"

"थे त्या कॉलेजात नव्हतं आत्या."

ती चिडली होती, तरी तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. बाबा तेवढा वेळ खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या बाजेजवळ आले आणि म्हणाले, "कोन्या डाक्टरकडे जाचं म्हनतं तू?"

तपासणी

अकोल्याच्या एका दवाखान्यात तारीख मिळाली. आदल्या दिवशी नाकात काडी घालून तपासणी केली. मी उपाशी बसून होते, हातात सुई टोचलेली, आणि सिस्टर दारातूनच म्हणाली, "पॉझिटिव्ह आलं. इथून कोणी हलू नका."

मला ना ताप, ना खोकला. पण ऑपरेशन गेलं. कुबड्या घेऊन मला कोरोनाच्या सेंटरवर पाठवलं. तिथं आजूबाजूला खोकणारी माणसं, आणि मी मोडक्या पायाची. एक माणूस रोज विचारायचा, "बाई, तुमाले कोरोना पायात झाला काय?" मी हसायचे. आतून मात्र मला आजाराची भीती नव्हती, दुसरीच होती. बाबांचा होकार मोठ्या मुश्किलीने मिळाला होता. तो टिकेल का?

घरी परतले तेव्हा ज्याची भीती होती तेच बाबा म्हणाले. "देवाच्याच मनात नाई दिसत."

"देवाने चिठ्ठी पाठवली काय बाबा? कोरोना आला, आता गेला. मी पुन्हा जाणार."

ते उठून वावरात गेले. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. मी ते हो धरलं.

ठोके

दुसरी तारीख पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आली आणि त्याच वेळी आमच्याकडे पुन्हा आकडे चढायला लागले. अकोला, अमरावती, वाशिम, सगळीकडे पुन्हा बंदची भाषा. डॉक्टरांचा फोन आला, "येता तर लगेच या. पुढे सांगता येत नाही." गजाननने ॲटो काढला. या वेळी तपासणी निगेटिव्ह आली. पेशंटजवळ कोणालाच राहू देत नव्हते. माय फाटकाबाहेर बसली. ती आत येऊ शकत नव्हती आणि घरी जायला तयार नव्हती.

माझ्या शेजारच्या खाटेवर केनवडच्या अनुसयामावशी होत्या. गोठ्यात घसरून खुबा मोडलेला, वय सत्तरीचं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुले काय झालं वं?"

"हाड वाकडं जुळलं. आता मोडून सरळ करणार."

"अवं बाप्पा! आमी जुळवाले आलो अन् तू मोडाले आली!" सगळा वॉर्ड हसला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप आली नाही, पण तोवर त्या वाक्यानेच मला तारलं.

कंबरेखाली बधिर केलं. समोर हिरवा पडदा. दुखणार नाही, हे सांगितलेलं होतं. ऐकू येईल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते: ऐकू येतं. ठोके पडतात. टेबल हलतं. ते आपलंच हाड आहे हे डोक्याला कळतं आणि अंगाला कळत नाही. मी मोजायला लागले, मग मोजणं सोडून दिलं. एका ठोक्यानंतर आवाज बदलला, ओली फांदी मोडावी तसा. डॉक्टर म्हणाले, "सुटलं."

त्या क्षणी मला वाटलं, आता जर पुन्हा नाही जुळलं तर? वाकडा का होईना, एक धरलेला पाय माझ्याकडे होता. तो मी स्वतःच्या तोंडाने सांगून मोडून घेतला. एवढी भीती मला पत्र्यावरून पडतानाही वाटली नव्हती.

वॉर्ड रिकामा करा

टाके ओले होते तेव्हाच सिस्टर सांगत आल्या की आमचा वॉर्ड कोरोनाच्या पेशंटसाठी घेणार. ज्यांना उभं राहता येतं त्यांनी आज घरी जायचं. बाकीच्यांना हलवणार, कुठे ते माहीत नाही.

मावशी उभ्या राहू शकत नव्हत्या. त्यांनी माझा हात धरला. "तू जाय. इथी राहू नोको. मले नेतीन कुठी बी."

वॉकर आणला. डॉक्टर म्हणाले, "थोडासाच भार टाका." डावा पाय खाली घेतला. उजवा खाली घेतला. फरशी गार होती. मी खाली पाहिलं नाही, हिंमत झाली नाही. मावशीच खाटेवरून वाकून पाहत होत्या.

"सरळ हाय वं," त्या म्हणाल्या. "तुराटीपरस सरळ हाय."

मग मी पाहिलं.

फाटकाबाहेर मायने मला वॉकरवर येताना पाहिलं आणि पायाला हात लावायला वाकली. मग हात मागे घेतला. घाबरली होती. मी म्हणाले, "लाव, काही होत नाही." तिने बोटाने नडगीवरून, पट्टीच्या बाजूने, वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. मावशींना कुठे हलवलं ते त्या दिवशी कळलं नाही. नंतर त्यांच्या मुलाचा फोन आला, त्या घरी पोचल्या होत्या, काठी घेऊन चालत होत्या.

घरी

पुढचे महिने पुन्हा बंदचे. पण या वेळी मी शहाणी होते. बाज सोडून खाली सपाट गादीवर झोपले. व्यायामाचे प्रकार दवाखान्यातून फोनवर पाठवले होते, ते गजानन मोबाईल समोर धरून करवून घ्यायचा, आणि मी शिव्या दिल्या की म्हणायचा, "मॅडम, लेकरं पाहून राह्यले." टाके काढायला आरोग्य सेविका ताई वाडीवर आल्या, उन्हात, स्वतःहून. फोटो काढायची तारीख आली की काही झालं तरी जायचं, हे बाबांनीच ठरवून टाकलं. एकदा चौकीवर अडवलं तेव्हा ते पोलिसाला म्हणाले, "साहेब, मागच्या खेपी नाई जाऊ देल्लं, तं हाड वाकडं जुळलं. आता तुमी नाई म्हनसान तं मी हिले खांद्यावर नेतो." पोलिसाने दोर खाली सोडला.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. प्लास्टरच्या आत पाय हलायला लागला तर ती घरी सोडवायची गोष्ट नाही. कोणाशी भांडून का होईना, फोटो काढून घ्या. आणि वाकडं जुळलं तर ते लपवून बसू नका. लपवायला जे लोक सांगतात त्यांचंही तुमच्यावर प्रेम असतं. तरी त्यांचं ऐकू नका.

शेवटचा फोटो डॉक्टरांनी उजेडावर धरला तेव्हा बाबा माझ्या आधी उठून काचेजवळ गेले. रॉड दिसत होता, आणि त्याच्या बाजूने हाड भरून आलं होतं, वरपासून खालपर्यंत एका रेषेत.

माझं हाड जुळलं आहे आणि सरळ जुळलं आहे. शाळा उघडल्यापासून मी उभं राहून शिकवते. काठी वापरत नाही.